जनाआत्याचं तोंड

जनाआत्याकडून भाजी घ्यायची तर आधी बोलणी खावी लागत. काटा नंतर उचलला जाई, अपमान आधी व्हायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की आत्या त्याला डोक्यापासून चपलेपर्यंत एकदा बघून घ्यायची, मग वांग्यांवर पाणी शिंपडत सुरुवात करायची.

"वांगे ताजे आहेत का?" असं एका बँकेतल्या साहेबांनी विचारलं, तर म्हणाली, "वांगे ताजेच हायेत बापू, तुमीच शिळे दिसून राह्यले. घरी झोपू देत नाईत का?" एका ढेरपोट्या ठेकेदारानं पावशेर भेंडी मागितली. आत्या म्हणाली, "येवढ्या पोटाले पावशेर? बाकीचं का शेजाऱ्याच्या घरी जेवता?" तेलुगू बायका आल्या तर तेलुगूत, मुसलमान फळवाले आले तर हिंदीत, बोलणी मात्र तीच, ताजी आणि वजनाला भरपूर. गंमत म्हणजे लोक चिडत नसत. उलट एखाद्याला तिनं काही न बोलता भाजी दिली, तर तो बिचारा घरी जाऊन बायकोला विचारत असेल, माझं काही चुकलं का?

आदिलाबादच्या भाजी बाजारात माझं बांगड्यांचं आणि कटलरीचं दुकान आहे. त्याच्या पायरीपुढं गोणपाट अंथरून आत्या बसायची. आम्ही दोघं एकाच गावचे, पैनगंगेच्या काठचे. मी शहरात येऊन स्थिरावलो, ती रोज सकाळी ऑटोत टोपल्या घालून यायची. मला आवाजाचं वेड. गणपती असो, सत्कार असो, गावात माईक लागला की तो माझ्याच हातात. म्हणून आत्यानं माझं नाव भोंग्या ठेवलं होतं. "भोंग्या, लायटीचं बिल तुह्या तोंडाले लावलं पायजे," असं ती माझ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायची आणि गिऱ्हाईक बांगड्या भरायच्या सोडून हसत बसायचं.

आत्याचं सासर गावातच, भावाच्या घराला लागून. त्यामुळं दोन्ही घरांवर तिचाच अंमल. नवरा काशिनाथ. तो बोलू शकतो की नाही, याबद्दल गावात दोन मतं होती. त्याचा आवाज ऐकल्याचं कुणी छातीठोकपणे सांगत नसे. मी एकदा आत्याला विचारलं, "आत्या, तू सगळ्यांना इतकं टोचून का बोलतेस?" तर म्हणाली, "गोड बोललं का माणूस खाली बसते. टोचलं का उठते. बैलाले म्या कधी तुतारीची आर टोचू देल्ली नाई, मुका जीव हाय. माणसाले तोंड हाय न? त्यानं बोलावं वापस!"

पण वापस बोलणारं कुणी नव्हतं. एक पोरगी तर अजिबात बोलत नसे. तिची भाची रुक्मा, भावाची धाकटी मुलगी.

रुक्मा लहानपणापासून अंगानं दांडगी. आठवीत होती तेव्हाच बापाची चप्पल तिला घट्ट व्हायची. रंग काळा, खांदे रुंद, चालली की भांडी वाजत, असं आत्याच म्हणायची. तिच्या मोठ्या बहिणीला, लताला, बघायला पाहुणे यायचे होते. तो दिवस मला आठवतो, कारण पाहुण्यांशी बोलायला म्हणून मला मुद्दाम गावी बोलावलं होतं. दिवस कापसाच्या हंगामाचे. आमच्याकडं भाव यायची वाट बघत कापूस घरातच भरून ठेवतात. माणसं ओसरीवर झोपतात आणि चांगल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस झोपतो. तशी ती खोली भरलेली होती.

अंगणात बायका जमल्या होत्या. रुक्मा पाण्याची कळशी घेऊन मधून गेली. आत्या मोठ्यानं म्हणाली, "हिले पयले आत घाला वं! पाव्हणे म्हणतीन, पोरगी दाखवता का म्हैस? लताचं जमता जमता मोडन."

सगळ्या हसल्या. रुक्माची आईही हसली. रुक्मानं कळशी खाली ठेवली, कापसाच्या खोलीत गेली आणि कुणीतरी बाहेरून कडी घातली. पाहुणे आले, पोहे खाल्ले, चहा प्यायले, लता पसंत पडली. घरात आणखी एक मुलगी आहे हे त्यांना लग्नात कळलं.

आत काय झालं ते आम्हाला बऱ्याच दिवसांनी समजलं. त्या खोलीच्या कोपऱ्यात आत्याचा काटा आणि वजनं ठेवलेली असत, कारण सकाळचा ऑटो भावाच्या दारात थांबायचा. रुक्मानं अंधारात हाताला लागलं ते पाच किलोचं लोखंडी वजन उचललं आणि सगळा जीव एकवटून कापसाच्या ढिगावर फेकलं. तिला वाटलं, आता मोठा आवाज होईल, पाहुणे धावत येतील, सगळ्यांची फजिती होईल. आवाजच आला नाही. कापसानं ते गिळून टाकलं. बाहेर कपबशा वाजत राहिल्या. तिनं हात घालून वजन शोधून काढलं, परत फेकलं. परत. कडी निघेपर्यंत.

मग तिला सवयच लागली. घरात कुणी नसलं की ती खोलीत जायची आणि फेकायची. एक दिवस वजन इतकं खोल गेलं की सापडलंच नाही. आत्यानं वजनचोराच्या नावानं अख्ख्या गल्लीचा उद्धार केला.

भाव आल्यावर कापूस मार्केट यार्डात गेला. गाडी रिकामी करताना त्या पांढऱ्याशुभ्र ढिगातून ठण्णकन लोखंडी वजन खाली पडलं. व्यापाऱ्यानं ते उचलून सगळ्यांना दाखवलं. "देखो भाई, लोहा मिला के कपास बेचते!" कापसात पाणी मारणारे त्यानं पाहिले होते, दगड घालणारेही, पण वजन वाढवायला चक्क वजनच घालणारा शेतकरी त्याला पहिल्यांदाच भेटला होता. रुक्माचा बाप मान खाली घालून उभा. कुणीतरी धावत जाऊन आत्याला बोलावून आणलं. ती पदर खोचून भांडायच्या तयारीनं आली, व्यापाऱ्याच्या हातात वजन पाहिलं आणि आनंदानं ओरडली, "हे तं माझं!"

झालं. आता चोरी बहीणभावांची जोडीनं ठरली.

तेवढ्यात गाडीच्या कडेला बसलेली रुक्मा खाली उतरली. "म्या फेकलं होतं ते. कापसात."

"काऊन फेकलं?" बापानं विचारलं.  व्यापारी हसला, म्हणाला, इतकं जड वजन ही पोरगी फेकणार? दाखव. रुक्मानं ते मानेपाशी धरलं, एक पाऊल टाकलं आणि सोडलं. ते हमालांच्या डोक्यांवरून गेलं आणि पलीकडच्या रिकाम्या पिंपावर असं आदळलं की यार्डातली कबुतरं उडाली. व्यापाऱ्यानं खुर्ची मागं ओढली. कापूस घेतला, वर चहाही पाजला.

ही गोष्ट बाजारभर मी पसरवली हे वेगळं सांगायला नको. ती फिरत फिरत शाळेतल्या व्यायामाच्या मल्लेश सरांच्या कानावर गेली. सर तेलुगू, मराठी मोडकंतोडकं. त्यांनी रुक्माच्या हातात शाळेतला गोळाफेकीचा गोळा दिला. आत्याच्या वजनापुढं तो तिला बटाट्यासारखा लागला. सर धावत आत्याच्या गोणपाटापाशी आले. "अम्मा! तुमचा मुलगी बंगारम आहे, बंगारम!"

"सोनं असन तं गळ्यात घाला मास्तर," आत्या म्हणाली. "मले काऊन सांगता? मेथी घ्याची का?"

रुक्मा खेळाच्या वसतिगृहात गेली. तिथून पुढं एक पद्धतच पडली. कुठल्याही स्पर्धेला निघायच्या आधी ती पाठीवर पिशवी घेऊन माझ्या दुकानापुढं यायची आणि आत्यासमोर उभी राहायची.

"आत्या, जाऊन राह्यली मी."

आत्या भाजीवरची नजर न काढता म्हणायची, "जाय. गोळा फेकजो, सोताले नको फेकू. जमीन फाटन." किंवा, "कोणाची पोरगी म्हणून विचारलं तं माझं नाव नको सांगू वं." रुक्मा ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि बस पकडायची. चार दिवसांनी पदक घेऊन यायची. आत्या ते उलटसुलट करून बघायची. "हे? याच्यापेक्षा मोठी चकती माह्या काट्यावर हाय."

एकदा मी रुक्माला दुकानात बसवून चहा पाजला आणि विचारलं, "त्या वर्तुळात उभी असतेस तेव्हा मनात काय असतं?" वसतिगृहातल्या पोरींच्या कहाण्या तिनंच मला सांगितल्या होत्या. एकीला रेल्वेत नोकरी हवी होती. एकीला आईला काहीतरी करून दाखवायचं होतं. एकीला फक्त विमानात बसायचं होतं, खेळ कुठलाही चालला असता. रुक्मा म्हणाली, "डोळे मिटले का कापूस दिसते, काका. बाहेर पाव्हणे चहा पिऊन राह्यले अन् मी आत. मंग गोळा जड लागत नाई."

"राग येतो?"

"राग नाई. लाज वाटते. लाज वाटली का हात हलका होते."

मला हे फार आवडलं. गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय हवं! आत्याची बोलणी म्हणजे रुक्माचा खुराक, असं मी बांगड्या भरता भरता कितीतरी बायकांना रंगवून सांगितलं. ते ऐकून एकीनं तर घरी जाऊन पोराला म्हैस म्हणून बघितलं. पोरगं रडलं आणि मामाकडं निघून गेलं.

मग रुक्मानं दक्षिणेकडच्या राज्यांच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं आणि गाव जागं झालं. ज्यांनी तिला कधी ओसरीवर बसू दिलं नव्हतं त्यांनी तिचा फोटो चौकात लावला. तिच्या फोटोपेक्षा सरपंचाचा फोटो मोठा, पण ते चालायचंच. शाळेच्या मैदानावर सत्कार ठरला. माईक अर्थातच माझ्याकडं. आत्यालाही व्यासपीठावर खुर्ची होती. तिनं नवी हिरवी साडी नेसली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा हातात काही काम नसताना बसली होती. मी माईक चालू करायला गेलो तर हळूच म्हणाली, "भोंग्या, आज तरी मोजकं बोल."

तालुक्याहून आलेल्या मोठ्या पाहुण्यांनी रुक्माला शाल दिली, नारळ दिला आणि हसून विचारलं, "बेटी, तेरी प्रेरणा कौन?"

रुक्मानं माझ्या हातातल्या माईकसमोर तोंड आणलं. "माझी आत्या," ती म्हणाली आणि आत्याकडं इतक्या मायेनं बघितलं की टाळ्या पडल्या. तिथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. पाहुणे, कापसाची खोली, बाहेरून घातलेली कडी. "आत्या म्हणली, पोरगी दाखवता का म्हैस. ते ऐकून ऐकून मी फेकत गेली. म्हणून हे पदक आत्याचं हाय."

गाव हसलं. पोट धरून हसलं. "म्हैस! म्हैस!" असं मागून कुणीतरी ओरडलं. माईक माझ्या हातात होता आणि मीही हसलो, नेहमीसारखा मोठ्यानं. माझं ते हसणं चार भोंग्यांमधून मैदानावर, मैदानावरून शेतांवर आणि बहुधा नदीपलीकडच्या महाराष्ट्रातही गेलं.

हसता हसता माझं आत्याकडं लक्ष गेलं. जी बाई सरकारी साहेबासमोर डोक्यावर पदर घेत नसे, तिनं पदर नव्या नवरीसारखा तोंडावर ओढून घेतला होता. मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. पदराबाहेर फक्त हनुवटी दिसत होती. माझं हसणं आटलं. पण भोंग्यांत एकदा गेलेला आवाज परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या बाजारात आली. बँकेतले साहेब आले, वांगी मागितली. आत्यानं वांगी तोलली, वर मूठभर मिरच्या घातल्या आणि म्हणाली, "घ्या बापू." साहेब थांबले. पिशवी हातात घेऊन वाट बघत राहिले. काहीच येईना तेव्हा घाबरून मला विचारलं, "अम्मांची तब्येत बरी आहे ना?"

दिवसच्या दिवस असंच. ठेकेदाराला पावशेर भेंडी मुकाट मिळाली. मला कुणी भोंग्या म्हणेना. लोक भाजी घ्यायचे, पण उभे राहायचे नाहीत. एका दुपारी मीच पायरीवर तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "रोज किती लोकाईले बोललो आपून. बोललं का सरलं, असं वाटे मले. पोरीनं एक बी शब्द टाकला नाई रे. सारा जपून ठेवला." मग रिकामं पारडं पुसत म्हणाली, "अन् कडी म्याच घातली होती."

रुक्माला आपण काय केलं ते कळत होतं, पण उपाय कळत नव्हता. राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी हैदराबादला व्हायची होती. त्यात निवड झाली तर पुढचं सगळं, नाही झाली तर वसतिगृहातली तिची मुदतही त्या वर्षी संपत होती. आणि सरावात तिचा गोळा दिवसेंदिवस अलीकडं पडायला लागला होता. ती आली, नेहमीसारखी आत्यासमोर उभी राहिली.

"आत्या, जाऊन राह्यली मी."

आत्यानं वर बघितलं. "जाय माय. चांगली फेकशीन तू. देव हाय."

रुक्माचा चेहरा असा पडला की जणू तिला शाप मिळाला. "आत्या, असं नको बोलू. नेहमीसारखं बोल न. एक डाव."

आत्यानं मान हलवली आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला घेतल्या.

मला राहवलं नाही. मी उठलो, कमरेवर हात ठेवले आणि आवाज चढवून म्हणालो, "अगं ए म्हशी! तू काय फेकणार? तुझ्यापेक्षा माझं काउंटर हलकं!" रुक्मानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "काका, तुमी गणपतीतल्या नाटकावाणी बोलता."

शेवटी मल्लेश सरांनी ठरवलं की आत्यालाच हैदराबादला न्यायचं. माझी दुकानाची खरेदी होती, मीही निघालो. गाडीत सर रस्ताभर आत्याची विनवणी करत होते. "अम्मा, ओक्कसारि तिट्टु. एकच वेळ शिवी द्या. मैदानात. फार नको." असली मागणी करणारा गुरू मी तरी पाहिला नाही. आत्या खिडकीबाहेर बघत राहिली.

एक गोष्ट मला त्या गाडीत कळली आणि मी चकित झालो. आत्यानं रुक्माला गोळा फेकताना कधी पाहिलंच नव्हतं. यार्डात त्या दिवशी रुक्मानं वजन फेकलं, तेव्हाही ती तिच्याकडं पाठ करून भावाच्या बाजूनं व्यापाऱ्याशी भांडत होती.

मैदान मोठं, ऊन कडक. जाळीच्या कुंपणाबाहेर आम्ही तिघं. ठिकठिकाणच्या दणकट मुली एकेक करून वर्तुळात जात होत्या. प्रत्येकीला पहिल्या तीन फेकी, त्यातून पुढं जाणाऱ्यांना आणखी. रुक्माचा पहिला गोळा अगदी जवळ पडला. दुसरा त्याच्याही अलीकडं. सरांनी डोळे मिटून घेतले.

रुक्मा कुंपणापाशी आली. मानेला पांढरी पावडर, ओठ कोरडे. जाळीत बोटं अडकवून म्हणाली, "आत्या, म्हैस म्हण न. फक्त म्हैस म्हण."

आत्यानं तोंड उघडलं. "म्ह..." शब्द अर्ध्यात अडकला. आयुष्यभर जिच्या जिभेला धार लावावी लागली नाही, ती बाई एका शब्दासाठी घाम पुसत होती. तिनं तोंडावर हात ठेवला. रुक्मा जाळीतून बोटं सोडवून परत गेली. आम्ही तिघं एकमेकांकडं बघायचं टाळत उभे होतो. एका पोरीला चारचौघांत तिचा अपमान करून हवा होता आणि आम्ही तिघंही तो मिळवून द्यायला आलो होतो! ऊन डोक्यावर होतं, तरी मला मान वर करवेना.

रुक्माचं नाव पुकारलं गेलं. ती वर्तुळात उभी राहिली, गोळा मानेशी धरला. तेवढ्यात आत्यानं दोन्ही हातांनी जाळी धरली आणि ओरडली. बाजारातला तिचा तो जुना आवाज, किती दिवसांनी.

"रुक्मे! तुले आत घातलं ते चुकलं माय! कोंडाले पायजे होतं मले! माह्या तोंडाले कडी घालाले पायजे होती!"

पंच वळून बघायला लागले. आजूबाजूच्या कुणाला एक अक्षर कळलं नाही. त्यांना वाटलं, म्हातारी जयघोष करते आहे. कळलं फक्त आम्हाला आणि जिला कळायचं तिला. रुक्मा गोळा मानेशी धरून क्षणभर तशीच थांबली. मग वाकली, वळली आणि फेकला.

तो गोळा कुठं गेला! बाकीच्या मुलींच्या खुणा जिथं संपत होत्या त्याच्याही पलीकडं जाऊन तो धप्पकन पडला. गवतावरचे दोन कर्मचारी मागं सरकले. मल्लेश सर हवेत उडी मारायला निघाले आणि अर्ध्यातच थबकले. फेकीच्या झोकात रुक्माचा पाय पुढच्या पांढऱ्या फळीवरून बाहेर पडला होता. पंचानं लाल झेंडा वर केला. फेक बाद. बाद फेक मोजत नाहीत. कर्मचाऱ्यानं गोळा उचलला, त्याची खूण पायानं पुसली आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं.

सर मटकन गवतावर बसले. आत्या मात्र टाळ्या वाजवत होती.

"भोंग्या! किती दूर गेला रे! बाकीच्याईचा तं इथीच पडत होता!"

रुक्मा आली. डोळ्यांतलं पाणी गालांवरून मानेवरच्या पावडरीत उतरलं होतं. आत्यानं जाळीतून तिची बोटं धरली. "साऱ्याईत लांब गेला न वं?"

रुक्मानं आमच्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"हो आत्या. साऱ्याईत लांब."

"अन् त्यानं ते लाल फडकं काऊन हालवलं?"

"खुशीनं."

परतीच्या गाडीत आत्याची वाचा परत आली. ऐसपैस बसलेल्या एका प्रवाशाला तिनं विचारलं, "रेल्वे तुमच्या हुंड्यात आली का बापू? सरका जरा, माझी पोरगी गोळा फेकून आली." प्रवासी सरकला. रुक्मा बसली. बाजारातही आत्या पुन्हा बोलायला लागली. साहेबांना वांग्यांबरोबर त्यांचा हक्काचा अपमान मिळू लागला आणि मी पुन्हा भोंग्या झालो. पण कुणाच्या अंगावरून, रंगावरून ती परत कधी बोलली नाही. ठेकेदाराचं पोटसुद्धा तिनं सोडून दिलं. आणि रुक्मा समोर आली की नुसतं म्हणायची, "पाणी पे आधी."

त्या वर्षी रुक्माची निवड झाली नाही, हे आत्याला कुणीच सांगितलं नाही. शिबिर पुढं ढकललं, असं आम्ही सांगितलं. मल्लेश सरांनी खटपट करून वसतिगृहाची मुदत वाढवून घेतली. मागच्या तुरीच्या हंगामात आत्याला ताप आला, साधाच वाटला आणि आठवड्यात ती गेली. जाईपर्यंत दवाखान्यातल्या नर्सला सांगत होती, "माह्या भाचीचा गोळा पाह्यला नाईस तू. आमच्या भोंग्याले विचार."

यंदा रुक्मा राष्ट्रीय शिबिरात गेली. फळीच्या आत पाय ठेवून. निघताना दुकानापुढं आली, रिकाम्या पायरीकडं बघत उभी राहिली. मी विचारलं, "आता काय दिसतं डोळे मिटल्यावर? कापूस?"

"नाई काका. त्या दिवशीचा गोळा मोजाचा राहून गेला न. तो एक डाव मोजून घ्याचा हाय."

तेवढा लांब अजून गेला नाही, असं मल्लेश सर म्हणतात. मला वाटतं ते मुद्दाम म्हणतात.

गावानं पुन्हा सत्कार केला. तेच मैदान, तेच भोंगे, सरपंचाचा फोटो आणखी मोठा. आत्याच्या खुर्चीवर काशिनाथ बसला होता, मांडीवर नारळ घेऊन. पाहुणे नवे होते, पण प्रश्न जुनाच. "प्रेरणा कौन?" पुढच्या रांगेतल्या काहीजणांच्या चेहऱ्यावर जुन्या हसण्याची तयारी दिसली. मी माईक माझ्या तोंडापासून लांब धरला.

रुक्मा म्हणाली, "माझी आत्या. माझा सगळ्यात लांब गेलेला गोळा तिनं पाह्यला होता."

एवढंच. बाकी सगळं तिनं गिळलं, कापसासारखं. पुढच्या रांगेतल्या माना एकेक करून खाली गेल्या, कारण गाळलेलं काय होतं ते प्रत्येकाला पाठ होतं.

आता माझी पाळी होती. सूत्रसंचालकानं अशा वेळी चार वाक्यं बोलायची असतात, मी लिहूनही आणली होती. मी माईक तोंडाजवळ नेला, घसा साफ केला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून एक घोगरा, गंज चढलेला आवाज आला. तो भोंग्यांतून गावभर गेला आणि अख्खं मैदान वळून बघायला लागलं, कारण त्या माणसाचा आवाज कुणीच ऐकला नव्हता.

"भोंग्या," काशिनाथ म्हणाला, "आज तरी मोजकं बोल."

मी माईक बंद केला.